दिवेलागणीची टकटक

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. ग्रुपवरचे किस्से मी चहासोबत वाचते, हसते आणि कामाला लागते. पण हा आमच्याच घरातला... म्हणून लिहितेय.

आम्ही लखनौला असतो, नवरा रेल्वेत इंजिनिअर. सासूबाई आमच्याजवळच असतात; मूळच्या वर्ध्याच्या, समुद्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. लकवा मारल्यापासून त्यांची वाचा गेली. तेव्हापासून दिवेलागण झाली की पलंगाच्या दांडीवर बोटानं तीनदा टकटक करायच्या — मग थांबायच्या, कान देऊन. पुन्हा तीनदा. पाणी द्या, उशी बदला, देवाजवळ दिवा लावून दाखवा... कशाचा उपयोग नाही. शेवटी रडायच्या. त्यांना हवंय काय तेच कळेना, आणि आमचा जीव नुसता तुटायचा.

मागच्या हिवाळ्यात नणंद आईंजवळ राहायला आली, म्हणून आम्ही लखनौच्या अमौसी विमानतळावरून विमान पकडून कोकणात गेलो. रत्नागिरीकडच्या एका जुन्या दीपगृहाच्या कड्यावर संध्याकाळी उभे होतो. बत्ती लागली. तीन झोत, मग अंधार. पुन्हा तीन.

"मम्मी, ये तो आजीवाला है," माझी लेक मुक्ता म्हणाली. मराठी सगळं कळतं, पण बोलणार हिंदीतच.

"गप गं, काहीतरीच," मी म्हटलं. पण अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

गावातले एक आजोबा तिथे फिरायला आले होते, त्यांना मी त्या तीन झोतांबद्दल विचारलं. "खूण जुनी, मनोरा नंतरचा हो," ते म्हणाले. "आधी इथे बायका कंदील घेऊन उभ्या राहायच्या. सूप आड धरून तीनदा उजेड दाखवायच्या आणि वाट बघायच्या. होडीवरून तसंच उत्तर आलं, की माणूस सुखरूप. मग जायच्या घरी. बत्तीला पण तीच खूण ठेवली, असं आमच्यात सांगतात. खरं-खोटं देव जाणे."

लखनौला परतलो त्या संध्याकाळी आईंची टकटक सुरू झाली. मी सवयीनं पाण्याचा पेला उचलला, तेवढ्यात मुक्ता पुढे झाली आणि तिनं दांडीवर तीनदा टकटक केलं. आईंचा हात थांबला. त्यांनी मोठा श्वास सोडला, डोळे मिटले आणि शांत झोपून गेल्या. इतके महिने आम्ही पाणी पाजत होतो, उत्तर कोणी दिलंच नव्हतं. मी तिथेच खाली बसून रडले.

वर्ध्याच्या बाईला ही खूण कुठून ठाऊक? मला खरंच सांगता येत नाही. नवरा म्हणतो, योगायोग आहे यार. म्हणू दे. पण आता ऑफिसातून आला की बूटही न काढता तोच आधी आईंच्या पलंगापाशी जातो आणि तीनदा टकटक करतो.