शेंदूरजनाघाटला तोंडावर ‘नाही’ ऐकलं तेव्हा

कॉलेजात आम्हाला परक्या संस्कृतींशी कसं बोलावं, असा अख्खा विषय होता. जपानी पाहुण्याला कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, जर्मन माणसाकडे पाच मिनिटं आधी पोचायचं, सगळं मला पाठ. वरुडच्या बागायतदाराशी कसं बोलायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. आणि नोकरीच्या सहाव्या महिन्यात फळं खरेदी करणाऱ्या आमच्या कंपनीनं पाठवलं तिकडेच. संत्र्याच्या बागेचा करार करून ये, मग तुला कायम करण्याचा विचार करू!

पुण्याहून रेल्वेनं बडनेरा, तिथून अमरावती. एसटीत बसण्याआधी दह्यातला गिला वडा खाऊन घ्या, कारण मोर्शी-वरुडमार्गे शेंदूरजनाघाट गाठायला तीनेक तास लागतात. जमलं तर नोव्हेंबरात जा. मोर्शी सुटली की दोन्ही अंगांना संत्र्यांनी वाकलेली झाडं दिसतात.

बागमालक देवरावकाकांनी बाजेवर बसवलं. शेजारी अकोल्याचे फळव्यापारी रशीदभाई होते. मी लॅपटॉप उघडून करार वाचू लागले, तर काकांनी मध्येच तोडलं.

“मॅडम, हे आमच्या काही कामाचं नाई. मोठं फळ तुमी नेसान, अन् बारीक मी कोनाले विकू?”

माझे कान तापले. आमच्याकडे इतकं तोंडावर कुणी बोललं, की विषय संपला समजायचं. “बरं, कळवते,” म्हणून मी उठले. रशीदभाई निघालेच होते, त्यांनी गाडीत घेतलं. वाटेत मला रडू फुटलं, तसे ते चकित झाले.

“मंग उठले काहून तुमी? देवराव बोलला म्हन्जे सौदा सुरू झाला ना बाप्पा! नसतं पाहिजे तर चहा पाजून, गोड बोलून लावून देलं असतं. तुमीच त्याले अर्ध्यात सोडून आले.”

मी वरुडला उतरले आणि ऑटोनं परत बाग गाठली. तीस रुपये पडले. काका बांधावरच होते.

“काका, काय काय चुकलंय, सगळं सांगा.”

“आली का पोरी? मले वाटलं, तुले राग आला.”

मग झाडाझाडाखालून हिंडत त्यांनी करार सोलून काढला. अट एकच, तोडणी झाली की बारीक फळही उचलायचं. घरी काकूंच्या हातची झुणका-भाकर खाताना मी ती अट लिहून घेतली.

पुण्यात साहेबांनी ती वाचली. “छान. बघू या.”

एरवी मी थँक्यू म्हणून उठले असते. “सर, बघू या म्हणजे नाही का?”

साहेबांनी चष्मा काढला. “काका नेमकं काय म्हणाले?”

मी त्यांच्याच शब्दांत सांगितलं. अट बदलली. मला कायम केल्याचं पत्र अजून आलेलं नाही, त्याची धाकधूक आहेच. पण सुधारलेला करार पोचला त्या दिवशी फोन वाजला.

“पोरी, वाचलं. अजून दोन गोष्टी चुकल्या हायेत तुमच्या.”

इतका आनंद मला कुठल्या शाबासकीनं झाला नव्हता. मी वही उघडून बसले.