खनिजांचा ग्रह

रविवारी दुपारी मी कॉम्प्युटरवर अंतराळाचा गेम खेळत होते. बऱ्याच भटकंतीनंतर एक सूर्यमाला सापडली होती, जिच्या प्रत्येक ग्रहाच्या पोटात खनिजं ठासून भरलेली. एका ग्रहावर यान उतरवून मी गुहेत शिरले. भिंतींतून निळे दगड चमकत होते, आणि मी खोदत खाली खाली चालले होते. बाबा शेजारी येऊन बसले. त्यांची सारी नोकरी कोळशाच्या खाणीत गेलेली.

“कोपऱ्यातला तो आकडा कसला गं?”

“ऑक्सिजन. संपत आलाय. एवढा एक दगड काढते नि निघते.”

“नको. वर ये.”

“बाबा, गेम आहे हा.”

“आधी वर ये म्हणतो ना!”

त्यांचा आवाज चिरकला. जमिनीखालचं धन समोर आलं की वर आभाळ आहे याचाच माणसाला विसर पडतो, हे त्यांनी पाहिलं असावं. दगड तसाच सोडून मी पळत सुटले. पडदा लाल होऊन लुकलुकत होता. गुहेबाहेर यानापाशी आले तेव्हा कुठे तो आकडा पुन्हा वाढू लागला.

“खाली आणखी कुणी राहिलंय का?” बाबांनी हळूच विचारलं.

“नाही बाबा. मी एकटीच होते.”

“नीट बघ,” ते म्हणाले, आणि गुहेच्या काळ्या तोंडाकडे बघत राहिले.