पडद्यावरचा उजवा हात

त्या यंत्राला वेष्टी कळत नव्हती. मी आणि आईनं अप्पांना दोन्ही बाजूंनी धरून टीव्हीसमोर उभं केलं, तर पडद्यावर सूचना आली की खेळाडू दिसत नाही. "आंधळें आहे काय हें?" अप्पा आमच्या घरच्या, पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेल्या मराठीत म्हणाले. मी फोनवर शोधलं. वेष्टीसारखं लुंगीवजा धोतर असलं, कपडे सैल असले, की यंत्राला पाय वेगळे दिसत नाहीत. कमरेखाली नुसता खांब दिसतो, आणि खांबाला ते माणसात धरत नाही. अख्ख्या कुंभकोणमनं ज्यांना कधी शुभ्र वेष्टीशिवाय पाहिलं नव्हतं, त्या माझ्या वडिलांना मी माझ्या नवऱ्याची जुनी ट्रॅकपँट चढवली. तिला दोन्ही बाजूंनी नारिंगी पट्टा होता. मला हसू आलं आणि मी ते आवरलं नाही.

यंत्र माझ्या मुलांचं. टीव्हीखाली ठेवायची एक लांबट काळी पट्टी, तिच्यात कॅमेऱ्याचे डोळे. समोर उभं राहून आपण हात हलवला की पडद्यावरची बाहुली तसाच हात हलवते, हातात काही धरावं लागत नाही. मुलांचं त्यावरचं मन उडालं तेव्हापासून ते चेन्नईच्या आमच्या घरी माळ्यावर धूळ खात होतं. मग अप्पांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभसुद्धा गेली होती, पण ती लवकर परत आली. ती गेलेलीच राहावी एवढं नशीब आमच्या वाट्याला यायचं नव्हतं. चोळपुरमहून स्कूटरवर एक फिजिओथेरपिस्ट व्यायाम करून घ्यायला येई. तो म्हणाला, असला खेळ घरात असेल तर पेशंट कंटाळत नाही, हात नकळत चालायला लागतो. मी ऑफिसात रजा टाकली, यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि आले.

हॉलमध्ये जागा करायची म्हणजे अप्पांचं राज्य हलवायचं. वेताची खुर्ची गेली, टीपॉय गेला, त्यांची खाट भिंतीला लागली. दारातून ऊन आलं की यंत्र दिपतं म्हणून रस्त्याकडचं दार लावून घेतलं. तेवढ्यानंही भागेना. पडद्यावर एकाच्या दोन बाहुल्या उभ्या राहत आणि एकमेकींत मिसळत. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की शोकेसच्या काचेत अप्पांचं प्रतिबिंब पडतंय आणि यंत्र त्यालाही खेळायला घेतंय. शोकेसमध्ये बँकेनं आणि गावानं दिलेली मानचिन्हं होती. मी त्यावर जुनी चादर टाकली.

"माझीं मानचिन्हें झांकूं नको," अप्पा म्हणाले.

"मग यंत्राला तुम्ही दिसणार नाही," मी म्हटलं. चादर राहिली.

त्यांच्या हाताविषयी सांगायला हवं. अप्पा बँकेत मॅनेजर होते. साक्कोट्टैपासून तिरुवलंचुळीपर्यंतची माणसं अजून रस्त्यात त्यांना पाहून चपला काढतात. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचा पंप, कुणाचं दुकान, सगळं म्हणे अप्पांच्या हातानं मार्गी लागलं. देवमाणूस म्हणतात त्यांना. देवमाणसाचा तोच हात घरी आला की आईवर चाले. साराला मीठ कमी पडलं तरी चाले, आणि कधीकधी काहीच कमी पडलं नाही तरी चाले. माझ्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. मुलीवर हात टाकू नये असं त्यांचं तत्त्व होतं. तत्त्वाचे फार पक्के. आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि बाहेर आम्ही तो जन्माचा दोष म्हणून सांगत आलो आहोत.

मी वायरी जोडत होते तेव्हा आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हात येईल का खरेंच?" तिनं हळूच विचारलं.

"येईल. रोज केलं तर येईल."

"पूर्ण? पहिल्यासारखा?"

"का नाही येणार?" मी म्हटलं. यंत्र मी लावत होते, त्यामुळे मला थोडी ऐटही आली होती.

"सरी," आई म्हणाली. बरं म्हणायचं तर आमच्या घरात सगळे तमिळमधलं सरीच म्हणतात. ती स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, तिला भरून आलं असेल. शिकलेल्या मुलींना असंच काहीतरी वाटतं.

खेळ फुग्यांचा निवडला. पडद्याच्या वरच्या बाजूनं फुगे येतात, हात उंचावून ते फोडायचे. डावीकडचे डाव्या हातानं, उजवीकडचे उजव्या. अप्पांना आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं, म्हणून आई त्यांच्या मागं उभी राहिली आणि डावा हात त्यांच्या कमरेभोवती घालून तिनं त्यांना आपल्या अंगावर तोलून धरलं. मी बाजूला, रिमोट घेऊन. डावीकडचे दोन-तीन फुगे अप्पांनी फोडले. मग उजवीकडून एक लाल फुगा उतरायला लागला. अप्पांचा खांदा थरथरला, हात मांडीशी लोंबकळतच राहिला. फुगा खाली यायला लागला तसा, बघणाऱ्याचा जातो तसा, आईचा उजवा हात आपसूक वर गेला. बाहुलीचा हात वर गेला. फुगा फुटला.

"गेला!" अप्पा ओरडले. "पाहिलेंस? हात गेला वर!"

त्यांची नजर पडद्यावर खिळली होती. त्या हाताला स्पर्श नीट कळत नव्हता, तो कुठं आहे हे बघितल्याशिवाय त्यांना समजत नसे, आणि त्या क्षणी त्यांना हाताकडे बघायची गरज वाटली नाही. हवं ते दिसलं की अप्पा तपासत बसत नसत. माझं तोंड उघडलं होतं. यंत्र चुकतंय, आई जरा मागं सरक, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात आईनं माझ्याकडे पाहिलं. पुढचा फुगा उजवीकडून आला आणि तिनं हात उचलला, या वेळी सावकाश, नीट नेम धरून.

अप्पा झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ती कापीचं, म्हणजे कॉफीचं, फिल्टर विसळत होती. मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले.

"आई, तो हात तुझा होता."

"मज माहीत आहे."

"अशानं त्यांचा हात कधीच येणार नाही. त्यांना वाटेल आला, आणि ते खरा व्यायाम सोडून देतील."

"पाय येऊं दे," ती म्हणाली. "पाय मज हवेत. न्हाणीत न्यायला, आणायला माझ्यानें होत नाही आतां. हात नको."

तिनं फिल्टर पालथं घातलं. ती पुढं म्हणाली, "त्यांना सांगायचें असेल तर सांग. मग हात आल्यावर तूंच येथें राहा."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. भाजीला अर्धा किलो वांगी पुरे म्हणावं, तसं ती हे सांगत होती. मला राग आला. तो आईचा आला नव्हता, हे मला तिथंच कळलं. इतकी वर्षं जो राग मी चेन्नईत बसून फोनवर गिळत होते तोच होता, आणि आता त्याला करायला काम मिळालं होतं. अप्पांना काही न सांगता, यंत्र तिथंच ठेवून, मी चेन्नईला परतले.

रोज संध्याकाळी अप्पांचा फोन येई. आज किती फुगे, किती चांदण्या, कुठली पायरी पार झाली. बँकेचे आकडेही त्यांनी इतक्या कौतुकानं कधी सांगितले नसतील. मी वा वा म्हणे. काही दिवसांनी त्यांनी फिजिओथेरपिस्टला पोदुम, पुरे आता, म्हणून घरी पाठवलं. यंत्रात सगळे फुगे फुटतात, आता तुझी काय गरज? त्यानं मला फोन केला. तो गोंधळला होता. पाय सुधारतायत, तो म्हणाला, पण हात आखडत चाललाय, खांदा धरलाय, मी उचलून बघतो तर काहीच नाही. यंत्र काय दाखवतंय कुणास ठाऊक. असाच राहिला तर तो हात कायमचा जाईल. मी म्हटलं, अप्पा कुणाचं ऐकत नाहीत, तुम्ही पाहिलंच आहे. हे खरंच होतं.

पुढं बऱ्याच महिन्यांनी सुट्टीला गेले. अप्पा काठी टेकत स्वतः दारापर्यंत आले होते. खरंच, पाय आले होते. चेहरा भरला होता, आवाज पूर्वीचा झाला होता. मला बघताच त्यांनी आईला हाक मारली, कापी आण म्हणून. मी लहानपणी या हाकेनंतर खोलीत निघून जात असे.

आईनं कापी आणली आणि पेला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

"उजवीकडे ठेव," अप्पा म्हणाले.

"सांडेल," आई म्हणाली.

एवढंच ती म्हणाली. पण ते माझ्यासमोर म्हणाली. अप्पांची मान ताठ झाली, जबडा आवळला, उजवा खांदा झटक्यानं वर आला. मी तो खांदा ओळखते. आईही ओळखते, तिनं डोळे मिटून घेतले होते. हात मांडीवरच पडून होता. बोटं तळव्याकडे वळलेली, नखं आईनं नीट कापलेली. अप्पांनी खाली पाहिलं. हुकूम मोडणाऱ्या शिपायाकडे बघावं तसे ते त्या हाताकडे बघत राहिले. मग पुन्हा खांदा उचलला. पुन्हा काही झालं नाही.

आईनं डोळे उघडले.

"यंत्र लाव," अप्पा मला म्हणाले.

मी लावलं. दार लोटलं, शोकेसवर चादर ओढली. अप्पा काठीवर उठले, पडद्यासमोर जाऊन उभे राहिले आणि सवयीनं काठी बाजूला टाकली. आई मागं गेली. तिनं डावा हात त्यांच्या कमरेभोवती घातला. मग उजवाही घातला, आणि दोन्ही हातांची बोटं त्यांच्या पोटावर एकमेकांत अडकवली. फुगे यायला लागले. डावीकडचे फुटले. उजवीकडचे एकामागून एक खाली उतरत गेले आणि बाहुली उजवा हात लोंबत ठेवून उभी राहिली.

"बिघडलें आहे," अप्पा म्हणाले. "पाहा काय जाहलें त्यास."

"यंत्राला काही झालेलं नाही, अप्पा."

"मग काल जात होता वर, तो?"

"तो आईचा हात होता," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून आईचाच. तुमचा कधीच गेला नाही."

मला हे हळू सांगता आलं असतं. मला तसं सांगायचं नव्हतं. अप्पांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण ती मागं, त्यांच्या पाठीला लागून उभी होती, तिचा चेहरा त्यांना दिसेना. त्यांचा तोल जायला लागला. डावा हात त्यांनी हवेत फिरवला, धरायला काही सापडलं नाही. सगळा भार आईच्या दोन हातांवर आला. ती त्यांच्या खांद्याएवढीच आहे, तरी तिनं पाय रोवून त्यांना धरलं.

"बसवूं," तिनं विचारलं, "कीं सोडूं?"

अप्पांच्या ओठांतून आधी नुसती हवा आली. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्याकडे कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"बसव," ते म्हणाले.

आई लगेच हलली नाही.