किशोरभाऊंच्या कार्डाची दसऱ्याची पूजा

अमरावतीच्या रुक्मिणीनगरात किशोरभाऊंना सगळे ओळखतात, पण ते नेमकं करतात काय, हे कोणालाच ठाऊक नाही. दिवसा तंत्रनिकेतनात पोरांना संगणक शिकवतात, इतपत लोकांना कळतं. घरी आले की मात्र बनियनवर बसून तीस वर्षांपूर्वीच्या एका नेटवर्क कार्डाची सेवा करतात. तळहाताएवढी हिरवी पट्टी, खाली सोनेरी दातांची रांग. ते दात संगणकाच्या खाचेत बसवले की संगणक दुसऱ्या संगणकाशी तारेनं जोडला जायचा. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली. पण त्या कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं हे संगणकाला सांगणारा मजकूर, म्हणजे ड्रायव्हर, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून सांभाळलेल्या लिनक्स या फुकट संगणक-प्रणालीत अजून आहे. आणि त्याची देखभाल करणारा म्हणून साऱ्या जगात एकच नाव तिथं लिहिलेलं आहे: आपले किशोरभाऊ. पगार शून्य. पण लग्नपत्रिकेत नाव सुटलं तर चार वर्षं न बोलणारा हा माणूस त्या एका ओळीवर फुगून राहतो.

यंदा त्या ओळीवरच गदा आली. जर्मनीतल्या मार्टिन नावाच्या गड्यानं ड्रायव्हरची साफसफाई केली आणि जगासमोर मेल टाकला: हे कार्ड आता कोणी वापरतं का? नवा मजकूर खऱ्या कार्डावर चालवून दाखवणारा कोणी महिन्याभरात पुढे आला नाही, तर ड्रायव्हर काढून टाकू.

भाऊंकडे कार्ड होतं, पण ते बसेल असा संगणक नव्हता. अकोल्याच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात तसला एक धूळ खात असल्याचं मेहुण्यानं, शेखरनं, कळवलं. भाऊ अकोल्याला गेले आणि संगणकाचा तो डबा मांडीवर घेऊन रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत आले.

"कंप्युटर होय काय?" गाडीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो."

"बिघडला?"

"नाही, चांगला आहे."

"मंग इकून काहून नाही टाकत?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जुन्या ड्रायव्हरवर कार्ड झकास चाललं. भाऊंनी ते काढून पुसलं आणि टेबलावर ठेवलं. सकाळी आईनं, मनकर्णाबाईंनी, पूजा मांडली. शेंदूरजनाघाटच्या घरच्या संत्राबागेतला विळा, सुनेची शिलाई मशीन, भाऊंची स्कूटर. कार्डही पाटावर गेलं. भाऊंना तर भरून आलं. आजवर घरात कोणी त्या कार्डाला इतका मान दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी वरचं कुंकू फुंकरीनं उडवून त्यांनी कार्ड खाचेत बसवलं आणि मार्टिनचा नवा मजकूर चालवला.

संगणक म्हणाला, कार्डच नाही.

भाऊंनी लगेच सगळ्या जगाला कळवलं, की मार्टिननं साफसफाईच्या नावाखाली चालत्या ड्रायव्हरचं वाटोळं केलं. मार्टिननं नम्रपणे विचारलं, जुना ड्रायव्हर लावून पाहिला का? पाहिला नव्हता. लावला, तर तोही चालेना. मार्टिननं लिहिलं, कार्डच गेलं असेल तर वाईट वाटतं, पण मग ठेवून तरी काय उपयोग? मुदतीचे दोनच दिवस उरले होते. भाऊंना जेवण जाईना.

दुपारी मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या.

"काहून तोंड पाडून बसला?"

"कार्ड मेलं, आई."

"मरन कसं? मी सोता पूजा केली त्याची. साऱ्या दाताइले एकेक करून हळद लावली. वल्ली करून, बोटानं."

"दातांना?"

"सोनं होय न ते. सोन्याले नाही लावाची तं काय स्कूटरच्या चाकाले?"

भाऊंनी कार्ड उपसलं. सोनेरी दातांवर सुकलेली हळद, रंगात रंग. चष्मा लावूनही दिसू नये अशी, पण दातांचा खाचेशी संबंध तोडणारी. त्यांनी खोडरबरानं एकेक दात घासला आणि कार्ड परत बसवलं. जुना ड्रायव्हर चालला. मार्टिनचा तर त्याहून सुरेख चालला.

आता कळवायचं कसं? बायकोनं, मंजुषानं, तोड काढली.

"लिहा न, कार्ड सैल बसलं होतं म्हणून. जर्मनीहून कोण पाहाले येते?"

भाऊंनी कीबोर्ड पुढे ओढला. मार्टिनला त्यांनी चारचौघांत नाही, चार खंडांत बदनाम केलं होतं. शेवटी खरं तेच लिहिलं: मजकुरात दोष नाही, आईनं दातांना हळद लावली होती, माफी असावी. मार्टिनचं उत्तर आलं, की असं कारण त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ज्या घरात कार्डाची पूजा होते तिथला ड्रायव्हर काढायची आपली हिंमत नाही. ड्रायव्हर राहिला. भाऊंची ओळही.

भाऊ पेढे घेऊन आले. मनकर्णाबाईंनी एक तोंडात टाकला.

"पगार वाढला काय?"

"नाही. काढून टाकणार होते, नाही काढलं."

"पगार किती भेटते त्याचा?"

"काहीच नाही."

मनकर्णाबाईंनी जरा विचार करून दुसरा पेढा उचलला. "मंग काढलं असतं तं काय बिघडलं असतं?"

पण संध्याकाळी पेढ्यांचा डबा घेऊन गल्लीभर त्याच फिरल्या. किशोरची नोकरी जाता जाता वाचली, असं घरोघरी सांगत. समोरचे नत्थुजी तेव्हापासून भाऊंना रोज हळूच विचारतात, तंत्रनिकेतनात तुम्ही असं केलं तरी काय होतं?