सोयाबीन सोंगणारी फटफटी

रिसोडच्या बसस्टँडमागच्या वेल्डरचा आवाज असा, की वाशीमची कुत्री दचकून उठावीत. भंगारातल्या फटफटीचं त्यानं सोयाबीन सोंगायचं, म्हणजे कापणीचं, यंत्र केलं. पळायचं असं, की चहा निवायच्या आत अर्धा तालुका साफ!

“इथंच कारखाने निघतीन, मंग पोट्टे पुण्याले कायले जातीन?” गिऱ्हाइकाचा हात धरून तो सांगायचा.

शेतकी खात्याच्या साहेबांनी येऊन त्याला शाल घातली, फोटो काढले. पण यंत्र सरकारी अनुदानाच्या यादीत बसलं नाही, आणि अनुदानाशिवाय एकाही शेतकऱ्यानं ते घेतलं नाही.

परवा गेलो, तर तो तेच यंत्र कटरनं कापत होता.

“काहून तोडून राह्यला बाप्पा?”

“त्याच साहेबाले बंगल्याचं गेट पाह्यजे. गेटाले यादी लागत नाही, भाऊ.”

मीही उरलेल्या लोखंडात माझ्या खिडकीची जाळी सांगून आलो.