निलगिरीच्या वासाचं भूत

हसणार तर तुम्ही आहातच, पण आधी तो चहा घशाखाली उतरू द्या. नाहीतर ठसका तुम्हाला लागेल आणि बायको बोलेल मला. तर, आमच्या ऑफिसात भूत होतं. खरंच होतं! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ऑफिस कोलशेतला, खाडीच्या बाजूला. त्या जागेवर पूर्वी कारखाना होता. तिथे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या टीमचा मी मॅनेजर. भिंतीवर एक मोठा बोर्ड, त्यावर प्रत्येक कामाची रंगीत चिठ्ठी. काम सरकलं की चिठ्ठी सरकवायची. रोज सकाळी बोर्डासमोर उभं राहून प्रत्येकाने सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय.

मध्ये कंपनीने आम्हा मॅनेजरांना ट्रेनिंगला पाठवलेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "टीमला हुकूम सोडू नका. त्यांचं काम त्यांना ठरवू द्या. तुम्ही फक्त जवळ असा."

पटलं हो मला! दुसऱ्या दिवसापासून माझं तोंड बंद. नुसता जवळ असायचो. त्यात टाच दुखायची म्हणून मऊ तळव्याचे बूट, आणि सर्दी हटत नव्हती म्हणून रुमालावर निलगिरीचं तेल. ही दुखणी तुम्हाला कशाला सांगतोय म्हणाल, पण आता वयच तसं झालंय.

आणि मग ऑफिसात चमत्कारिक प्रकार सुरू झाले.

मी डबा खाऊन यावं, तर बोर्डावरच्या चिठ्ठ्या हललेल्या! कोणी उठलेलं दिसलं नाही, कोणी बोललेलं ऐकलं नाही. सकाळच्या मीटिंगला सगळे एका सुरात, एका चेहऱ्याने सांगायचे, "काल काम केलं, आज करणार, अडचण नाही." डोळे समोर, कुठेतरी लांब लागलेले. माझ्या अंगावर काटा यायचा. माणसं बोलतायत की त्यांच्या आतून दुसरंच कोणी?

एकदा मी जरा लवकर पोचलो. दिवे चालू, पंखे चालू, कपांतून वाफा निघतायत, आणि एक माणूस नाही! केतकीची खुर्ची अजून हळूहळू फिरत होती.

केतकी म्हणजे आमची सगळ्यांत हुशार मुलगी. कल्याणहून येते. तिला नोकरीवर मी घेतलेलं, तिचा मला मनापासून अभिमान. ती गेली तर आमचं काम तर बसेलच, पण मलाही चैन पडणार नाही.

त्याच दुपारी मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. जवळ असायचं ना! बराच वेळ ती काहीच टाइप करत नव्हती. खांदे आखडलेले. तेवढ्यात तिची स्क्रीन काळी झाली, आणि त्या काळ्या काचेत, अगदी तिच्या खांद्यामागे, एक चेहरा! पांढराफटक, डोळे बाहेर आलेले, तिच्याकडे टक लावून बघणारा!

माझी बोबडीच वळली. मी मागे न बघता पळालो तो थेट बाथरूममध्ये. मनातल्या मनात रामरक्षा म्हणत बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

बाहेर पडून आगीच्या वेळी वापरायच्या जिन्यापाशी आलो, तर दाराआड कुजबुज. आमचीच टीम!

"पाठ गार पडते गं," केतकी दबक्या आवाजात सांगत होती. "वळून बघावं तर उभा! बोलत नाही, नुसता बघतो."

"पायांचा आवाजच येत नाही ना त्याच्या," हा रोहित, टीममधला सगळ्यांत लहान. "मला आधी वास येतो. औषधासारखा. हात गारठतात यार."

"मी ठरवलंय," पुन्हा केतकी. "सोमवारी दुसऱ्या टीमसाठी अर्ज देणार. नाही सहन होत आता."

लेकरं एवढ्या दहशतीत, आणि मला पत्ताही नाही! दार ढकलून आत गेलो. मला बघून सगळ्यांचे चेहरे उतरले.

"घाबरू नका," मी म्हटलं. "मी सगळं ऐकलंय."

"सर, तुम्हाला राग नाही आला?" केतकीने विचारलं.

"राग कसला? तुमचा काय दोष त्यात? मी बंदोबस्त करतो."

"तुम्ही स्वतः?"

"अगदी स्वतः! उद्या नारळ घेऊन येतो."

"नारळ?" रोहितने डोळे विस्फारले.

जिन्यात परबही होते. आमचे टेस्टर, म्हणजे कामातल्या चुका शोधणारे, राहायला कोपरीला, मूळचे मालवणकडचे, टीममध्ये सगळ्यांत मोठे. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सर, गाऱ्हाणं मी घालतंय. देवाक सगळा स्पष्ट सांगूक व्हया."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डासमोर नारळ, अगरबत्ती. गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवापुढे सांगायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. परबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.

"त्येंच्या मागे जो कोण मुक्यान येवन उभो रवता..."

"व्हय म्हाराजा!"

"जेच्या भियान ही लेकरां खरी मीटिंग जिन्यात करतत, चिठ्ठ्ये चोरून सरकवतत..."

"व्हय म्हाराजा!" टीमला भलताच चेव चढलेला. मी मात्र जरा अडखळलो. भुताला मीटिंगशी काय करायचंय?

"जेच्या पायांचो आवाज नाय, पण निलगिरीचो वास येता..."

मला घाम फुटलेला. तो पुसायला मी खिशातून रुमाल काढला.

अगरबत्तीच्या धुरातून निलगिरीचा घमघमाट पसरला. सर्दी नेमकी त्याच दिवशी उतरलेली, त्यामुळे मलाही आला. मी खाली बुटांकडे बघितलं. मग समोर. बंद पडलेल्या स्क्रीनमध्ये तोच चेहरा होता. पांढराफटक, डोळे बाहेर आलेले, हातात रुमाल.

परब थांबले नाहीत. आवाज मात्र मऊ झाला.

"तो जीवान वायट नाय म्हाराजा. लेकरांची त्येका काळजी आसा. पण हाक मारल्याबिगर तो येवचो नाय, आणि हाक मारली काय धावत येयत, असा कर रे म्हाराजा!"

केतकी खाली मान घालून उभी. शेवटी मीच घसा खाकरला आणि बारीक आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा." नारळही मीच फोडला.

सोमवारी मी सकाळपासून माझ्या खोलीत, बोर्डाकडे पाठ करून बसलेलो. बाहेर मीटिंग चालू होती. वादावादी, हसणं, कोणीतरी कोणाला तरी झापणं, आणि तेही जिन्यात नाही, बोर्डासमोर! मान वळवायची इच्छा होत होती हो, पण वळवली नाही. डोळे सारखे दाराकडे. केतकी अर्ज घेऊन येते की काय?

दुपार टळली. आणि तिचा आवाज आला, हॉलच्या त्या टोकावरून.

"सर! इथे अडलंय. जरा येता का?"

आनंदाने उडालोच मी. खुर्ची एकीकडे, मी एकीकडे, आणि भर ऑफिसात, बाजूच्या टीमलाही ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो, "व्हय म्हाराजा!"