कुणकेश्वरापर्यंत क्लच माझ्या हातात

लग्नाला तीन वर्षं झाली तरी मी समुद्र पाहिला नव्हता. माझं माहेर घाटावर, गडहिंग्लजच्या बाजूला, आणि सासर सावंतवाडीला. वाडीहून समुद्र काही फार लांब नाही. पण सून म्हणून आलेल्या बाईला मुद्दाम समुद्र दाखवायला कोण घेऊन जाणार? बाजार, देऊळ आणि तळ्याकाठचा रस्ता एवढंच माझं कोकण होतं. बाकीचं मी विचारून विचारून गोळा करत असे. सासूबाई म्हणायच्या, "किती गो विचारतंस! तोंड दुखणा नाय तुजा?"

आमचे हे हायस्कुलात गणिताचे मास्तर होते. त्यांचे मामा पलटणीतून निवृत्त होऊन आले, ते एक जुनी मोटरसायकल घेऊन. गावात तिला सगळे फटफटी म्हणत. पुढे मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एक दिवस त्यांनी ती ढकलत आमच्या अंगणात आणून लावली. म्हणाले, "उबी रवली तर मरतली ती. चालव तू."

गोवा मोकळा झाल्यानंतरच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. निमित्त देवाचं होतं. ह्यांना लहानपणी विषमज्वर झाला होता तेव्हा सासूबाईंनी कुणकेश्वराला नारळ बोलला होता, आणि गुडघ्यांमुळे त्यांचं जाणं राहून गेलं होतं. आता लेक आणि सून जातील असं ठरलं. त्यांनी माझ्या ट्रंकेत स्वतःचं एक नऊवारी लुगडं घातलं. "देवळात ह्या नेस. तुज्या त्या गोल पातळात देवासमोर जाव नको." ट्रंक मागच्या कॅरियरला बांधली, पेट्रोलचा डबा बाजूला लटकवला, आणि मी पाचवारी सावरत एका बाजूला पाय सोडून बसले.

पहिला मुक्काम वालावलला होता, ह्यांच्या एका सहकारी शिक्षकाच्या आईवडिलांकडे. वाटेत रस्त्यावरच भाताच्या पेंढ्या वाळत घातलेल्या होत्या, आम्ही त्यांच्यावरून खसखस वाजत जायचो. मी मागून ह्यांच्या कानाशी प्रश्न विचारत होते. ही दांडी कशाची? पायाने काय दाबता? क्लच म्हणजे काय? हे शाळेतल्या आवाजात ओरडून सांगायचे, "इंजिन आणि चाक यांचा संबंध तोडायचा. दाबला की तुटतो, सोडला की जुळतो. गिअर बदलताना तेवढ्यापुरतं दोघांना वेगळं करायचं." मला ते फार आवडलं. पुढचे दोन मैल मी फक्त ह्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते.

लक्ष्मीनारायणाच्या देवळामागे तळं आहे. त्याचं पाणी ओंजळीत घेऊन मी प्यायले, गोड होतं. देवळापासून थोडं चाललं की माडांच्या रांगांमधून एकदम रुंद, संथ पाणी दिसतं. मी हरखून म्हटलं, "हाच का समुद्र?" यजमानीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ती कर्लीची खाडी होती. मी खाली उतरून तेही पाणी चाखलं, किंचित मचूळ. मग माझ्या डोक्यात जे शिरलं ते निघेना. नदी गोड, समुद्र खारा, तर बदल नक्की कुठे होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडी ओलांडायची होती. पूल नव्हता. तरीवाल्याने दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकल्या होत्या. म्हातारा माणूस, अंगावर फक्त पंचा. त्याने मोटरसायकलभोवती एक फेरी मारली. म्हणाला, "मास्तरानू, बैल नेले, वरात नेली. ह्या धूड पयलाच." त्याचा भाऊ आणि हे अशा दोघांनी गाडी चढवली, हे तिला धरून उभे राहिले. पाण्याच्या मधोमध आल्यावर मी माझा प्रश्न त्या म्हाताऱ्याला विचारला. त्याने वल्हं थांबवलं. एवढा गंभीर चेहरा मी मोठमोठ्या विद्वानांचाही पाहिलेला नाही.

"पावसात गोडां," तो म्हणाला. "पार समुद्राच्या तोंडापर्यंत गोडां. मगे उन्हाळो इलो की खारां वर सरकता. भरतेक वर येता, सुकतेक खाली जाता. एका जाग्यार रवणा नाय ता बाये. तू इचारतंस खंय, पण तेका घर नाय."

हे मराठीत समजावून सांगू लागले, पण मला समजलं होतं. मी वाकून पुन्हा पाणी चाखत होते, तेवढ्यात काठ आला.

उतरवताना फळी सरकली. गाडी कलली आणि ह्यांनी तिचा सगळा भार डाव्या हातावर घेतला. गाडी चिखलात आडवी झाली, तिला काही झालं नाही. ह्यांचं मनगट मात्र बघता बघता पेरूएवढं सुजलं. बोटं हलत होती, पण मूठ वळेना. तरीवाल्याने गाडी उभी केली, पुसली, आणि हळूच म्हणाला, "परत पलीकडे सोडतंय तुमका."

हे एका दगडावर बसले. चेहरा पडलेला. "डाव्या हाताशिवाय क्लच दाबता येत नाही," ते म्हणाले. "संपली आपली यात्रा."

मी उठून गाडीच्या दांड्या एकेक चाचपून पाहिल्या. मग विचारलं, "बाकी सगळं उजव्या हाताने आणि पायांनीच होतं ना?"

"हो."

"मग क्लच मी दाबते."

ते हसले. मी हसले नाही. मी ट्रंक उघडली, झाडाआड जाऊन सासूबाईंचं लुगडं कासोटा घालून नेसले, आणि पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून त्यांच्या मागे बसले. त्यांच्या काखेखालून डावा हात पुढे घातला. ते टाकीकडे सरकून बसले तेव्हा माझी बोटं दांडीपर्यंत जेमतेम पोचली. दुखरा हात त्यांनी सदऱ्याच्या गुंड्यांमध्ये खुपसून ठेवला होता. 'दाब' म्हटलं की दाबायचं, 'सोड' म्हटलं की हळूहळू सोडायचं, असं ठरलं.

पहिल्यांदा मी एकदम सोडलं. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ट्रंक पडली. तरीवाला आणि त्याचा भाऊ काठावर उकिडवे बसून बघत होते. पाचव्या की सहाव्या खेपेला मी श्वास रोखून बोटं इतकी सावकाश उघडली की गाडी कधी चालू लागली ते मलाच कळलं नाही. मागून म्हातारा ओरडला, "भियां नको गो! जाता, जाता!"

धामापूरमार्गे मालवणचा रस्ता वळणावळणाचा. दर चढाला दाब, दर उताराला दाब. माझ्या हाताला रग लागायची, मग आम्ही थांबायचो. काजूच्या झाडाखाली बसून मी बोटं चोळायची आणि ते मनगट ओल्या फडक्यात गुंडाळायचे. समोरून येणारी माणसं आधी गाडीकडे बघत, मग माझ्याकडे, मग तो तिसरा हात कुणाचा आहे ते शोधत. एका बाईने डोक्यावरची गवताची मोळी खाली ठेवून, कमरेवर हात घेऊन आम्हाला दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. मी वळून तिला तितकंच पाहिलं.

मालवण जवळ आलं तसा वारा वाढला. माझं सगळं लक्ष कानात होतं. ह्यांनी काहीतरी म्हटलं, मी तत्परतेने दाबलं. इंजिन नुसतंच गुरगुरलं, गाडी रेंगाळत थांबली.

"अगं दाब नाही, बघ म्हणालो! बघ!"

मी त्यांच्या खांद्यावरून मान वर केली. समोर समुद्र होता.

तीन वर्षं मी त्याच्याबद्दल विचारत आले होते, पण एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. तो उंच दिसतो. आपण जमिनीवर उभं असतो आणि तो समोर भिंतीसारखा वर चढत गेलेला असतो, तरी आपल्या अंगावर सांडत नाही. असं का, ते ह्यांनी क्षितिज, डोळ्यांची पातळी वगैरे काढून समजावलं. मी हो हो म्हटलं. पाण्यात किल्ला होता, त्याच्यावर कावळे उडत होते. मी विचारलं, "तिथल्या लोकांना प्यायचं पाणी?" ते म्हणाले, "आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत." भोवती सगळं खारं आणि मधे गोड्या विहिरी! माझी त्या रात्रीची झोप गेलीच होती.

मालवणात एका वैद्यांनी मनगट दाबून पाहिलं. हाड शाबूत होतं, शीर दुखावली होती. लेप लावून, पट्टी बांधून ते म्हणाले, "महिनाभर ह्या हाताने काही उचलायचं नाही. आणि आलात कसे तुम्ही?" ह्यांनी सांगितलं. वैद्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ते मुद्दाम आम्ही उतरलेल्या खाणावळीच्या दारात येऊन उभे राहिले, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुटली तेव्हा त्यांनी आम्हाला नमस्कार केला. मला नाही, गाडीलाही नाही, आम्हाला.

आचऱ्यावरून पुढे, आणखी एक खाडी होडीने ओलांडून, तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना कुणकेश्वरला पोचलो. तोवर त्यांना 'दाब' म्हणावं लागत नव्हतं. त्यांचा खांदा किंचित पुढे झुकला की मला कळायचं. एरवी आम्ही एकमेकांशी भरपूर बोलायचो, पण असं न बोलता कळणं नवीन होतं. मला त्याची थोडी गंमत वाटली आणि थोडा संकोच.

सकाळी देवळात नारळ वाढवला. मग किनाऱ्यावर आलो. ओहोटी होती, मैलभर वाळू उघडी पडलेली. लांब रापणीचं जाळं ओढायला माणसं दोन ओळींत उभी होती. मी म्हटलं, "अहो, मी एकदा पुढे बसून बघू?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघ."

गाडी वाळूत ढकलताना चाक रुतलं. रापणीजवळ बसलेली एक म्हातारी ओरडली, "थंय नको गो बाय! सुक्या रेंवेत रुततली. वल्यार चलय, वल्यार!" पाण्यालगतची ओली वाळू खरंच फरशीसारखी घट्ट होती. ह्यांनी काडीने वाळूत गिअरचं चित्र काढलं, पहिला कुठे, दुसरा कुठे. उजवी मूठ कशी फिरवायची ते दाखवलं. मी कासोटा घट्ट केला. क्लच मला पाठ होताच.

आणि मी गेले. कुणीही दाब म्हणायला पुढे नव्हतं. समोर फक्त वाळू आणि डाव्या हाताला पाणी. एक पातळशी लाट चाकाखालून गेली, तिचे शिंतोडे तोंडावर आले, आणि चाखायची गरजच राहिली नाही. रापणीची माणसं ओढायची थांबली. कुणीतरी शीळ घातली. मी दुसरा गिअर टाकला.

किनारा संपून खडक जवळ यायला लागले तेव्हा मला जाणवलं की वळायचं कसं ते मला माहीत नाही. मी मूठ सोडली, सगळं दाबलं, आणि गाडी खडकांच्या दहा हात अलीकडे येऊन थांबली. हे पट्टी बांधलेला हात छातीशी धरून धावत येत होते, केवढं अंतर! आले ते धापा टाकत.

"वळायचं नाही का?"

"तुम्ही ते शिकवलंच नाही."

ते वाळूत मटकन बसले आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. गणिताच्या मास्तरांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

परतताना खाड्या टाळून कणकवलीवरून मोठ्या रस्त्याने आलो. पाचव्या दिवशी दुपारी अंगणात शिरलो तेव्हा सासूबाई तुळशीपाशी होत्या. लेकाच्या हाताची पट्टी, सुनेचा कासोटा, लुगड्यावरचा लाल धुरळा, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी आधी लेकाचा हात तपासला. मग मला विचारलं, "गाडी तू हाडलंस?"

"दोघांनी मिळून आणली."

"नारळ?"

"वाढवला."

"मगे पाय धुवा. पेज थंड जाता."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू मुद्दाम आल्या. सून फटफटीवर पाय टाकून बसते, बाजारात लोक काय काय बोलतात, असं बरंच सांगून झालं. सासूबाई विळीवर भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "घोवाचो हात मोडलो आसतो तर तुजी सून काय करतली? रडत बसतली. आमची गाडी घेवन इली." एवढंच. काकू चहा न पिता गेल्या.

मनगट बरं व्हायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस रोज सकाळी मी त्यांना शाळेत सोडायला जात असे, म्हणजे गाडीवर मागे बसून क्लच दाबत जायची, पायी परत यायची आणि संध्याकाळी पुन्हा पायी जाऊन त्यांना आणायची. फाटकाशी मुलं उभी राहत. मुख्याध्यापकांनी एकदा ह्यांना बोलावून सांगितलं की पहिल्या तासाला कुणी वर्गात वेळेवर येत नाही. हे म्हणाले, "साहेब, हात बरा झाला की येतील."

मग एका सोमवारी वाडीतल्या वैद्यांनी पट्टी कायमची काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडीवर बसले, डाव्या मुठीने क्लच दाबून पाहिला, सोडून पाहिला. मला म्हणाले, "जमतं आता."

"बरं झालं," मी म्हटलं आणि आत जायला वळले.

"अगं, बस ना," ते म्हणाले. "जमतं म्हणालो. नको म्हणालो नाही."